वरच्या वाडीची राजधानी

दादू धनावडेचं पत्र आलं की राहीच्या आधी ते मी वाचत असे. यात चोरी काही नाही. पोस्टकार्ड उघडंच येतं, आणि आमच्या गावच्या पोस्टात मास्तर, कारकून आणि शिक्का मारणारा असे तिघेही मीच. शिवाय दादूच्या बायकोला, राहीला, अक्षरओळख नव्हती. ते कार्ड शेवटी मलाच तिला वाचून दाखवायचं असे. आधी एकदा नजर टाकली की मग अडखळायला होत नाही, एवढाच माझा स्वार्थ.

दादू आगबोटीवर स्वयंपाकी होता. वर्षातले नऊ-दहा महिने दर्यावर, उरलेले घरी. दिसायला ठेंगणा, पोट थोडं पुढे, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची खोड. जगातली निम्मी बंदरं त्याने पाहिली होती, पण पत्रात ती कधी उतरत नसत. मी बरा आहे, कलमं किती मोहरली ते कळव, पोरांना शाळेत पाठव, आणि शेवटची ओळ ठरलेली: गोदाबायची खुशाली कळव.

ही शेवटची ओळ मी वाचली की राही पदराशी चाळा करू लागायची. गोदाबाय म्हणजे दादूची थोरली बहीण. ती काही सातासमुद्रापार नव्हती. आमच्याच गावात, खालच्या वाडीत दिलेली. वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यामध्ये एक पऱ्या आहे. पावसाळ्यात त्याला पाणी असतं, शिमग्यानंतर नुसते धोंडे. दादूच्या अंगणातून हाक मारली तर गोदाच्या अंगणात ऐकू जाईल, एवढंच अंतर. पण हाक मारायची बंदी होती.

ही बंदी चौऱ्याहत्तर सालच्या शिमग्यातली. ग्रामदेवतेची पालखी वरच्या वाडीतून खालच्या वाडीत जाते. ती पऱ्यात उतरली की पुढचा खांदा कोणाचा, यावरून जुंपली. वरचे म्हणाले, पलीकडच्या काठापर्यंत आमचा. खालचे म्हणाले, पऱ्यात पाय पडला की आमचा. तीन तास देवी भर उन्हात धोंड्यांमध्ये उभी राहिली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिची लेकरं एकमेकांच्या आयामाय काढत राहिली. वरच्या वाडीचे मानकरी दादूचे वडील, भागोजी. खालच्या वाडीच्या पुढच्या खांद्याला त्यांचा स्वतःचा जावई, गोदाचा नवरा महिपत. भागोजींनी तिथेच पऱ्यातला धोंडा उचलून शपथ घेतली, की खालच्या वाडीचं माणूस माझा उंबरा ओलांडणार नाही आणि माझ्या घरचं कोणी तिथलं पाणी पिणार नाही. कोकणातला माणूस पैसा सोडेल, जमीनसुद्धा एखाद वेळ सोडेल, मान काही सोडायचा नाही. मग बोलणं थांबलं, जेवणखाण थांबलं, गौरीच्या वेळी दोन्ही वाड्यांतल्या बायकांचा एकत्र फेर व्हायचा तोही थांबला. त्या फेरात एका वाडीने सवाल गायचा नि दुसरीने जबाब द्यायचा अशी रीत. त्या वर्षापासून आमच्या बायका सवालही आपलाच आणि जबाबही आपलाच गाऊ लागल्या. ऐकायला ते माणूस स्वतःशीच भांडतोय तसं लागे.

एक्याऐंशी साली भागोजी गेले. दादू तेव्हा कुठल्याशा समुद्रात होता, तार त्याला सतरा दिवसांनी मिळाली. गोदा पऱ्याच्या पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली होती. तिरडी उठेपर्यंत उभी होती, मग माघारी गेली. मी पाहिलं होतं. मीच काय, सगळ्या वाडीने पाहिलं होतं. कोणी काही केलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

तर असा हा दादू. त्याचं पंच्याऐंशीच्या जुलैत एक कार्ड आलं, आणि ते चित्राचं होतं. डोंगरावर मोडकं देऊळ, मागे लिहिलेलं इतकं बारीक की मला चष्मा पुसावा लागला. ग्रीस देशाच्या बंदरात बोटीचं यंत्र बिघडलं होतं, वीस दिवस मुक्काम होता. जवळच अथेन्स शहर. त्या शहराला या वर्षी युरोपची सांस्कृतिक राजधानी केली आहे, रस्त्यात नाटकं, चौकात गाणी, सगळं फुकट. आणि पुढे: ‘मास्तरांना सांग, ही राजधानी दर वर्षी फिरते. पुढल्या वर्षी इटलीतल्या शहराचा नंबर. आपल्या पालखीसारखंच आहे, पण मारामारी नाही.’

मला उद्देशून लिहिलेलं पाहून मी जरा ओशाळलो. मी आधी वाचतो हे दादूला ठाऊक होतं तर.

डिसेंबरात दादू आला तो हीच राजधानी डोक्यात घेऊन. पोस्टाच्या पायरीवर बसून त्याने मला सगळं सांगितलं. बंदरावरच्या एका पहारेकऱ्याने त्याला शहरात नेलं होतं. चौकात म्हाताऱ्या बायका हात धरून फेर धरत होत्या. पुढची एक बाई काळ्या कपड्यातली, तिची मान जराशी कलती आणि पाऊल टाकायची लकब हुबेहूब गोदासारखी. दादू तिथल्या कट्ट्यावर बसला आणि ढसाढसा रडला. लोकांना वाटलं, काय हा रसिक. कोणीतरी त्याच्या हातात बीअरची बाटली दिली.

“मास्तर,” तो म्हणाला, “पालकीत आमच्या आज्या-पणज्यांचा मान अडकलाय. ह्या राजधानीत कोनाचाच आजा नाय. माजी बाय पऱ्या वलांडून येल तर ह्यातूनच येल.”

मी म्हटलं, दादू, हे तुझं खूळ आहे. मी पोस्टात पंचवीस वर्षं काढली, मला कुठल्याही नव्या गोष्टीला आधी खूळच म्हणायची सवय आहे.

दोन्ही वाड्यांची बैठक शाळेच्या पडवीत झाली, कारण शाळा सरकारी, म्हणून कोणाचीच नाही. वरचे भिंतीला टेकून, खालचे खांबाला टेकून. दादूने मधे उभं राहून युरोप समजावला. दर वर्षी एक वाडी राजधानी होईल, दुसरी वाडी पाहुणी म्हणून येईल. खेळे, जाखडीचा नाच, भजन, बायकांचा फेर, आणि जेवण. मे महिन्यात, चाकरमानी मुंबईहून आलेले असताना. लोकांना कल्पना आवडली, म्हणजे लगेच भांडण सुरू झालं. पहिली राजधानी कोण? वरचे म्हणाले आम्ही, मूळ वस्ती आमची. खालचे म्हणाले आम्ही, देवळाची विहीर आमच्यात. पहिला नारळ कोणाचा, फलकावर कोणाचं नाव वर, अथेन्समध्ये पुढे कोण चालतं, असं सगळं निघालं. ज्या गोष्टीत कोणाचा आजा नव्हता, तिच्यात दीड तासात सगळे आजे येऊन बसले.

दादूने ते शांतपणे ऐकलं. वीस-वीस खलाशांना एकाच वेळी जेवू घालणारा माणूस, त्याला गडबड नवी नव्हती. मग तो म्हणाला की तिकडचा नियम तुम्ही ऐकलाच नाहीत. जी राजधानी होते तिला मान काहीच नसतो. तिने वर्षभर फक्त राबायचं, वाढायचं आणि उष्टी काढायची. मान सगळा पाहुण्यांचा.

हा नियम अथेन्सचा नव्हता, दादूचा होता, हे मी त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यावरून ओळखलं. पण पडवीत बाकी कोणाला ते कळलं नाही. मग वरच्या वाडीचा विठू म्हणाला की आम्ही काही हट्ट धरत नाही, पहिली राजधानी खालच्यांनी घ्यावी. खालच्या वाडीचे म्हणाले, छे, छे, मूळ वस्ती तुमची. आता दोन्हीकडून इतका मोठेपणा सुरू झाला की तोही भांडणावरच जायचा. शेवटी दादूने वरच्या वाडीच्या गळ्यात राजधानी बांधली आणि बैठक उठली.

पुढचे चार महिने दादूचे पाय जमिनीवर नव्हते. रजा वाढवून घेतलीन, पगार बुडवलान. रत्नागिरीत एका पेंटरकडून कापडी फलक रंगवून आणला: ‘सांस्कृतिक राजधानी १९८६, वरची वाडी.’ तो थांब्यावर लागला आणि एसटीचा कंडक्टर घंटी मारून “चला, राजधानीवाले उतरा” म्हणू लागला. बाजारात मला लोक विचारत, मास्तर, आता मंत्रालय तुमच्याकडे कधी येतंय. मी वैतागायचो, आणि खरं सांगायचं तर थोडा फुगायचोही. पोस्टात आलेल्या एका रजिस्टर पत्रावर पत्त्याच्या जागी कोणीतरी ‘राजधानी’ लिहिलं होतं. मी ते नियमाप्रमाणे परत पाठवायला हवं होतं. पाठवलं नाही.

आता आमच्याकडची बोलावण्याची रीत सांगायला हवी, कारण घोटाळा तिथेच झाला. गावकीच्या कार्याला कागदाची पत्रिका चालत नाही. दोन माणसांनी जोडीने दारात जायचं, नारळ द्यायचा, घराण्याचं नाव घेऊन बोलावणं सांगायचं. घरच्यांनी पाणी द्यायचं. एकट्याने दिलेलं बोलावणं धरत नाहीत, रस्त्यातून दिलेलं तर मुळीच नाही. बारा वर्षांनी खालच्या वाडीत नारळ न्यायचे म्हणून दादूने पोतं भरून घेतलं आणि जोडीला मला. मी म्हटलं, मी सरकारी माणूस. तो म्हणाला, म्हणूनच. सरकार बरोबर असलं की कोण मारत नाही.

कोणी मारलं नाही. पहिल्या घरात म्हाताऱ्या सखूने नारळ घेतला आणि दादूच्या तोंडावरून हात फिरवला. पाणी मात्र कोणी पुढे केलं नाही, आणि आम्ही मागितलं नाही. ती शपथ अजून उभी होती. असं करत एकतीस घरं झाली. बत्तिसावं गोदाचं.

अंगण नुकतं सारवलेलं होतं. दारात रांगोळी होती. ओटीवर दोन पाट मांडलेले मला स्पष्ट दिसले. गोदा दारातच उभी होती, साठीच्या आसपासची, उंच, मान जराशी कलती. बारा वर्षांत भाऊ-बहिणीने एकमेकांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. दादूचा चेहरा असा फुलला की बस. त्याने पोतं खांद्यावर सारखं केलं, गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडून हात हलवला, आणि ओरडला, “बाय, येशील ना गो? मी वडे करतोय.” आणि पुढे चालू लागला.

मी म्हटलं, अरे, इथला नारळ? तर तो हसला. म्हणाला, मास्तर, बहिणीला कोण नारळ देतो? नारळ परक्यांना. ती घरची.

मी जन्मभर लोकांच्या चुका काढल्या. पत्त्यातला तालुका राहिला तरी मी माणसाला परत पाठवतो. त्या दिवशी मात्र मला वाटलं, भाऊ-बहिणीतलं आहे, आपण कशाला बोला. मागे वळून पाहिलं तेव्हा गोदा पाट उचलून आत नेत होती.

मेच्या दुसऱ्या रविवारी राजधानी भरली. सकाळपासून दादू मोठ्या कढईपाशी होता, कमरेला बोटीवरचा पांढरा फडका, हात कोपरापर्यंत पिठात. वड्यांचा वास पऱ्यापलीकडे गेला असणार. दहाच्या सुमारास खालच्या वाडीचा ढोल वाजला आणि माणसं पऱ्यात उतरली. आधी पुरुष, मग बायका, पोरं, सखूला दोघांनी उचलून. आमचे लोक काठावर पाणी आणि गूळ घेऊन उभे होते. चौऱ्याहत्तर साली सर्वांत मोठ्या आवाजात शिव्या देणारा विठू आता सर्वांत मोठ्या आवाजात “या, या, सांभाळून, धोंडा हलतोय” म्हणत होता. मी नाक शिंकरायच्या निमित्ताने बाजूला गेलो.

एकतीस घरं आली. महिपतही वाडीबरोबर आला, पण एकटाच. खेळे नाचले, भजन झालं, पहिली पंगत उठली. मग फेराची वेळ झाली. दोन्ही वाड्यांच्या बायका समोरासमोर उभ्या राहिल्या आणि खालच्या रांगेत पुढची जागा मोकळी राहिली. जबाबाची सुरुवात गोदा करायची. बायका खाली बघू लागल्या. राही कढईपाशी गेली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली की बाय आलेली नाही.

दादूने महिपतला विचारलं. महिपत भिडस्त माणूस. तो म्हणाला, तिला जरा बरं नाय. थोड्या वेळाने म्हणाला, पहाटेच न्हायली, नवं लुगडं नेसली नि माजघरात बसून हाय. विचारलं तर म्हणते, मला कोणी बोलावलं नाय.

दादूच्या हातातला झारा तेलातच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग तो चालू लागला, आणि मी मागोमाग. पऱ्यात तो दोनदा घसरला.

गोदा खरोखरच माजघरात बसली होती, हिरव्या लुगड्यात, केसांत अबोलीचा वळेसर. दादू उंबऱ्याशी थांबला. म्हणाला, बाय, सगळी खोळंबलीत, चल. तिने वर पाहिलं नाही.

“एकतीस घरांत नारळ ग्येला,” ती म्हणाली. “माज्या गडग्यावरनं नुस्ती हाक ग्येली. म्हशीला मारतात तशी.”

दादू म्हणाला, “तू घरची म्हनून, बाय. घरच्या मान्साला कसला नारळ?”

“बाबा ग्येला तवा पऱ्यावर हुबी होतंय. तवा घरची नव्हतंय, म्हनून कोनी हाक मारली नाय. आज घरची हाय, म्हनून कोनी बोलावना केला नाय. मग मी कोनाची, दादू? तू सांग.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. दादू उंबऱ्यातच खाली बसला आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसू लागला. डोळ्यांत पीठ गेलं, मग आणखी पाणी येऊ लागलं. चाळिशी उलटलेला, जग फिरलेला माणूस, तोंड पांढरं करून बहिणीच्या दारात रडत होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, गोदाबाय, चूक माझीही आहे, मला रीत माहीत होती आणि मी गप्प बसलो.

गोदाने दादूकडे पाहिलं. लहानपणी आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला होता. त्याचं नाक पुसायची तिची जुनी सवय असणार. ती उठली, आत गेली, आणि स्वतःच्या माडाचा एक सोललेला नारळ आणून त्याच्या हातात ठेवला.

“भायेर जा,” ती म्हणाली. “नि परत ये. नीट.” मग माझ्याकडे वळून, “तुमी पन, मास्तर. येकट्याचा बोलावना मी धरीत नाय.”

आम्ही दोघं निमूटपणे अंगणाबाहेर गेलो. गडग्यापाशी दादूने नाक पुसलं, फडका सारखा केला. मी टोपी नीट बसवली. मग आम्ही जोडीने अंगण ओलांडून दारात आलो. दादूने नारळ दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, “वरच्या वाडीच्या भागोजी धनावड्यांच्या घरचा बोलावना हाय. महिपतभावजींच्या घरच्यांनी नि गोदाबायनी यावा.” वडिलांच्या नावाशी त्याचा आवाज फाटला, पण त्याने वाक्य पुरं केलं.

गोदाने नारळ घेतला, कपाळाला लावला आणि देवापाशी ठेवला. मग तांब्याभर पाणी आणून दादूपुढे धरलं. त्याने तांब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षं त्या वाडीचं पाणी धनावड्यांच्या घरातल्या कोणाच्या घशाखाली उतरलं नव्हतं. दादूने तांब्या उचलला आणि थांबलाच नाही. मला दोन घोटही उरले नाहीत.

“बगू,” गोदा म्हणाली, कारण रीतीप्रमाणे लगेच हो म्हणायचं नसतं. “घरातल्यांना इचारून सांगतंय.”

घरातले म्हणजे महिपत, तो पलीकडे दुसऱ्या पंगतीत बसला होता, हे मी तिला सांगितलं. तेव्हा ती हसली, आणि पदर खोचून आमच्या पुढे चालू लागली.

पऱ्या तिने कोणाचा हात न धरता ओलांडला. मांडवात सगळे उठून उभे राहिले, बायकांनी रांगेत वाट करून दिली. पण गोदा मांडवाकडे वळली नाही. ती तडक घराकडे गेली. राही धावत आली, तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. गोदा उंबऱ्याबाहेर उभी राहिली. समोर भिंतीवर भागोजींचा फोटो होता.

“बाबा,” ती म्हणाली, “दादू नारळ घेऊन आला व्हता. मी मानानं आलंय.”

आणि तिने उजवा पाय आत ठेवला. मांडवात शंभर माणसं खोळंबली होती, वडे गार होत होते. फेर पाऊण तास उशिरा सुरू झाला, आणि त्याबद्दल कोणीही तक्रार केली नाही.